तारेला ओवलेलं कार्ड

पुंजाच्या पत्राला रंगनाथांनी उत्तर दिलं नव्हतं, याला आता नऊ वर्षं झाली होती.

पत्र चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणातलं. शाळेच्या वहीतलं आखीव पान आणि त्यावर पुंजाने आपल्या मुलीकडून, सिंधूकडून, लिहून घेतलेला मजकूर. पुंजा म्हणजे रंगनाथांच्या धाकट्या बहिणीचा, बयाबाईचा नवरा. देवळ्यापासून तीन मैलांवर त्याची कांद्याची शेती होती. त्याने लिहवलं होतं, ‘तात्यांना पुंजाचा रामराम. तुमच्या बहिणीच्या पोटात गाठ निघाली. नाशिकच्या डॉक्टरांनी तो रोग सांगितला. कोणी म्हणतं साखर दिली तर गाठ वाढते, कोणी म्हणतं मध द्या. तिला भाकर जात नाही. गोड चहा मागते. द्यावा का न द्यावा तेवढं कळवा. तुम्ही लिहाल तसं करू.’

ते शेवटचं वाक्य रंगनाथांना पेललं नाही.

एरवी उत्तर द्यायला ते चुकत नसत. नाशिकच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्यांच्या घशाला कोरड पडे, पण कार्ड लिहायला बसले की हात आपोआप चाले. गावाकडच्यांना हे ठाऊक होतं. बियाण्याला कोणतं औषध चोळावं, मुलाला कुठल्या शाळेत घालावं, गोळ्यांच्या पाकिटावर इंग्रजीत काय लिहिलंय, जे अडेल ते नाशिकला तात्याला विचारायचं. रंगनाथ दोन पुस्तकं उघडून पडताळून बघत आणि कार्ड टाकत. तात्यानं लिहिलंय म्हटलं की ओट्यावरचा वाद मिटे. ही कार्डं कोणी फाडत नसे. दाराशेजारच्या खिळ्याला एक लोखंडी तार टांगलेली असे, तिच्यात घरात आलेली सगळी कार्डं ओवून ठेवायची. जुनं खाली, नवं वर.

आणि एक रीत होती. उघड्या कार्डावर आजाराचं नाव लिहायचं नाही. कार्ड पोस्टमन वाचतो, वाटेत भेटेल त्याला सांगतो, आणि मग घरातल्या मुलीला स्थळं येईनाशी होतात. म्हणून रंगनाथ नुसतं ‘आजाऱ्यास’ लिहीत. आजाऱ्यास ताक द्यावे. आजाऱ्यास उन्हात नेऊ नये. आजार कोणता ते घरच्यांना माहीत असे, आणखी कुणाला कळायची गरज नव्हती.

बयाच्या वेळी त्यांनी वाचनालयातलं कपाट पालथं घातलं. इंग्रजी वैद्यकाच्या जाडजूड पुस्तकात रोगाची तीस पानं होती, त्यात खाण्यापिण्यावर अर्धं पान, आणि साखरेचा शब्द नाही. निसर्गोपचाराच्या पुस्तकात साखर म्हणजे विष आणि मध म्हणजे अमृत. तिसऱ्या पुस्तकात मधही वर्ज्य. दोन दिवस ते ‘द्यावा’ असं लिहीत, मग मनात येई, बयाची गाठ वाढली तर? मग ‘देऊ नये’ असं लिहीत. पण ती नुसत्या पाण्यावर राहिली तर? आपण डॉक्टर नाही, साधे पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवणारे. डॉक्टरांना विचारावं, तर नाशिकला इतके डॉक्टर असूनही त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं. एक कार्ड, दुसरं कार्ड, असं करता करता गणपती गेले, दसरा गेला. पत्र त्यांनी एका शब्दकोशात ठेवून दिलं.

भाऊबीजेला ते गेले होते. बया भिंतीला टेकून बसली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तरी तिने उठून पाट मांडायला लावला, ओवाळलं आणि करंजी त्यांच्या तोंडापाशी नेली.

“आ कर, तात्या. लहानपणी बोट चावायचा माझं. आता चावायला दात तरी राहिलेत का?”

“दोन आहेत.”

“मग सांभाळून चाव.”

पिठीसाखर तिच्या दोन बोटांना लागली होती. बयाने बोटांकडे बघितलं. जरा वेळ बघितलं. मग ती पदराला पुसली.

रंगनाथ म्हणाले, “बया, त्या पत्राचं… मी लिहिणारच होतो. अजून बघतोय पुस्तकांत.”

“राहू दे रे. तुझं कार्ड हाय ना तारेला. त्याच्यावरच चाललंय सगळं.”

रंगनाथांची लाज झाकायला ती असं बोलतेय, एवढंच त्यांना वाटलं. कोणतं कार्ड, हे त्यांनी विचारलं नाही. पुंजाने बिनसाखरेचा काळा चहा आणून बयापुढे ठेवला, तिने दोन घोट घेऊन पेला बाजूला सारला, तेही त्यांनी पाहिलं. डॉक्टरांचं पथ्य असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पौषात बया गेली.

आणि आता, त्र्याऐंशीच्या भाद्रपदात, सिंधूचं आंतरदेशीय पत्र आलं. सिंधू मालेगावला दिलेली. बापाच्या आजारपणासाठी ती माहेरी येऊन राहिली होती. रंगनाथांनी चष्मा पुसला आणि गंगापूर रोडवरच्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत, खिडकीशी बसून ते वाचलं.

‘मामांना सिंधूचा नमस्कार. बाबांच्या गळ्यात, आईला होता तोच रोग निघाला. नाशिकला विजेचे शेक देतात. पंधरा झाले, पंधरा राहिले. अंगात ताकद राहिली नाही म्हणून मध्ये तीन आठवडे घरी पाठवलंय. वजन आणखी उतरलं तर पुढचे शेक देता येणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले. रक्त, लघवी तपासली, साखरेचा आजार नाही. जे उतरेल ते खाऊ घाला म्हणाले. भाकर, भात गळ्याखाली जात नाही. लापशी, खीर, दूधसाखर एवढंच जाईल. पण बाबा गोडाला शिवत नाहीत. तुमचं कार्ड तारेवरून काढून दाखवतात. त्यात आहे, आजाऱ्यास साखर, गूळ पूर्ण बंद. चहा बिनसाखरेचा. गोडाची फार वासना झाल्यास मध बोटभर चालेल. तारीख बारा मार्च सहासष्ट. आईच्या वेळी तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा बाबांनी तारेतून हेच शोधून काढलं होतं. कार्ड कुणासाठी आलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं, पण आजाऱ्यास असं लिहिलंय म्हणाले. आईला शेवटपर्यंत साखरेचा कण दिला नाही. पेठकडच्या माणसाकडून मध आणला, पण तिला त्यात धुराचा वास येई. बाबाही तेव्हापासून कोराच चहा पितात. मी डॉक्टरांचं सांगितलं तर म्हणतात, डॉक्टर आज एक सांगतो, उद्या दुसरा. तात्याचं लिहिलेलं आहे. आणि म्हणतात, तुझ्या आईला लागू आणि मला नाही, असं कसं? मामा, तुम्ही एक कार्ड टाका. येऊन तोंडी सांगाल तर ऐकणार नाहीत. कार्डच पाहिजे.’

रंगनाथांनी पत्र मांडीवर ठेवलं. बारा मार्च सहासष्ट. त्यांना ते कार्ड स्वच्छ आठवलं. पुंजाचे वडील, झुंबरबाबा, यांना मधुमेह होता आणि पायाची जखम भरत नव्हती. पुंजाने विचारलं, रंगनाथांनी एका आरोग्याच्या पुस्तकातून उतरवून पाठवलं. ‘आजाऱ्यास’ असं लिहून. रोगाचं नाव रीतीप्रमाणे गाळून.

विमलाबाई, त्यांची बायको, आतून चहा घेऊन आल्या. रंगनाथ त्यांना पत्र वाचून दाखवू लागले. मधेच पत्र हातातून घेऊन उरलेलं विमलाबाईंनी स्वतः वाचलं.

“म्हणजे बयावन्सं चार-पाच महिने…” त्या म्हणाल्या.

“माझं कार्ड होतं. भलत्या रोगाचं.”

“तुम्ही काय मुद्दाम पाठवलं होतं?”

“मुद्दाम पाठवलं नाही हेच तर. काहीच पाठवलं नाही.”

चहा निवला. दोन चमचे साखरेचा चहा. रंगनाथांना तो उचलवेना. विमलाबाईंनी कप उचलून त्यांच्या हातात दिला. “आता तुम्हीही सोडू नका गोड, दाजींच्या जोडीला. आधी डॉक्टरांना जाऊन विचारा. चला, मी येते बरोबर.”

“नको. मीच जातो.”

दवाखान्यातल्या बाकावर बसून त्यांनी दोनदा आपला नंबर मागच्याला दिला. तिसऱ्यांदा डॉक्टरच दार उघडून म्हणाले, “अहो ग्रंथपाल, आत या! पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून मला पोरवयात खिडकीतून दम भरला होता तुम्ही. आता आमची वेळ.”

“मी ग्रंथपाल नव्हतो. लेखनिक होतो.”

“बसा. काय दुखतंय?”

“मला काही नाही.” रंगनाथांनी खिशातून प्रश्न लिहिलेला कागद काढला आणि पुढे सरकवला. डॉक्टरांनी वाचला.

“कुणी सांगितलं साखर बंद करायला?”

“लोक म्हणतात, साखरेने गाठ वाढते.”

“लोक म्हणतात खरं. मला तरी कुठे त्याला आधार सापडलेला नाही. हे बघा, भाकर खा नाहीतर पेढा खा, पोटात गेल्यावर शरीर त्याची साखरच करतं. गोड बंद केलं म्हणून गाठ उपाशी मरत नाही. माणूस मरतो. शेक चालू असताना वजन राखणं, ही निम्मी लढाई. यांना मधुमेह नाही ना?”

“नाही. तपासलंय.”

“मग खीर द्या, शिरा द्या, दुधात साखर घाला, तूप घाला. थोडं थोडं, दिवसातून सात-आठदा. फार तिखट आणि कढत नको, घसा सोलवटलेला असतो.”

“आणि मध?”

“आवडत असेल तर द्या. अन्न म्हणून. औषध म्हणून नको, त्याने गाठ विरघळत नाही. मध म्हणजे तरी काय, साखरच, माशांनी केलेली.”

रंगनाथांनी खाली बघत विचारलं, “आणि… मधुमेहाच्या माणसाला साखर बंद, पण मध चालेल, असं जर कोणी लिहिलं असेल?”

“कुठल्या शहाण्याने?”

“मी. सहासष्ट साली.”

डॉक्टर हसण्याच्या बेतात होते, ते थांबले. त्यांनी कागद घडी करून परत दिला. “वाचून लिहिलं असेल तुम्ही. पुस्तकात चुका असतात. आम्हालाही सगळं कुठे कळतं?”

“बहिणीला हाच रोग होता,” रंगनाथ म्हणाले. “चौऱ्याहत्तरला. तिला गोड दिलं असतं तर वाचली असती का?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “वाचली नसती. पण दिलं असतं तर बरं झालं असतं.”

घरी आल्यावर विमलाबाईंना सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, “मग सोपं आहे की. लिहा, आता नवीन शोध लागलाय. पूर्वी साखर चालत नव्हती, आता चालते. तेव्हाचं तेव्हा खरं, आताचं आता.”

“पण तसं नाही ते.”

“नसू दे. दाजींना काय सांगणार आहात? की तुम्ही बायकोला उगाच मन मारायला लावलंत? त्यांच्या घशात आधीच आग आहे. त्यात हे ओतायचं?”

“ते बरोबर आहे तुझं.”

“बयावन्सं गेल्या. दाजी आहेत अजून. जो आहे त्याचं बघा.”

रंगनाथांनी कार्ड घेतलं आणि लिहून टाकलं. ‘दाजींना नमस्कार. अलीकडे नवीन शोध लागला असून आजाऱ्यास साखर, गूळ, खीर देण्यास आता हरकत नाही. पूर्वीचे कार्ड त्या काळास धरून होते.’ अक्षर सुरेख आलं होतं. एकही खाडाखोड नव्हती. बयाच्या साध्या चहाबद्दल दोन महिन्यांत त्यांना एक ओळ लिहिता आली नव्हती, आणि ही थाप एका दमात उतरली, तीही वळणदार अक्षरात. हे त्यांना खटकलं.

तरीही सकाळी ते कार्ड घेऊन टपालपेटीपर्यंत गेले. पेटी कोपऱ्यावर, इस्त्रीवाल्याच्या टपरीशेजारी. कार्ड पेटीच्या तोंडाशी नेलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पुंजाची ओसरी उभी राहिली. सिंधू कार्ड वाचते आहे. पुंजा घसा धरून ऐकतो आहे. ऐकून काय म्हणेल? डॉक्टर आज एक सांगतो, उद्या दुसरा; तात्याही तसाच झाला म्हणायचा. तो दोन्ही कार्डं शेजारी ठेवेल. एकात बंद, एकात हरकत नाही. दोन्हींत ‘आजाऱ्यास’. आणि दोहोंतलं एकच खरं धरायचं तर तो जुनंच धरणार. कारण त्या कार्डाच्या भरवशावर त्याने बायकोला गोड नाकारलं होतं. ते कार्ड हातचं सोडलं तर बयापुढे उभं राहायला त्याच्यापाशी काहीच उरत नव्हतं.

त्याच्या हातून ते काढून घ्यायचं असेल, तर त्याचं ओझंही कुणीतरी घ्यायला पाहिजे. ते आणखी कोण घेणार?

रंगनाथ परत फिरले. इस्त्रीवाल्याने विचारलं, “काय बाबा, टाकलं नाही?”

“पत्ता चुकला,” ते म्हणाले. दुसरी थाप.

घरी येऊन ते आधी आंतरदेशीय घेऊन बसले. ते चिकटवता येतं, आतलं कुणाला दिसत नाही. दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. आंतरदेशीय वाचून ट्रंकेत जातं. तारेला ओवतात ते कार्ड. उद्या सिंधूच्या सासरी कुणी आजारी पडलं, शेजारच्या घरात पडलं, तरी लोक त्या तारेकडेच येणार. तिथे जे चुकीचं टांगलंय, त्याच्यावर बरोबर टांगलेलं असलं पाहिजे, आणि येईल त्याला वाचता आलं पाहिजे.

त्यांनी नवं कार्ड घेतलं. तीन कार्डं बिघडली. पहिल्यात आपल्या भित्रेपणाची कारणंच इतकी झाली की खिरीला जागा उरली नाही. दुसऱ्यात रोगाचं नाव लिहायच्या जागी हात सवयीने ‘आजाऱ्यास’ लिहून गेला. तिसऱ्यात शाई फुटली. चौथं असं झालं:

‘दाजी, सहासष्ट सालचं माझं कार्ड तुमच्या वडिलांच्या मधुमेहासाठी होतं. मी रोगाचं नाव लिहिलं नाही. त्यात मधाचंही चुकलं होतं. बयाला कॅन्सर होता, तिला ते कार्ड लागू नव्हतं. तुम्ही मला विचारलंत आणि मी भीतीने उत्तर दिलं नाही. तिचं गोड मी तोडलं, तुम्ही नाही. तुम्ही माझ्या शब्दावर राहिलात. तुम्हाला कॅन्सर आहे, मधुमेह नाही. साखर, गूळ, मध, खीर, जे गळ्याखाली उतरेल ते खा, थोडं थोडं, दिवसातून सात-आठ वेळा. हे डॉक्टरांना विचारून लिहितो आहे. इथून पुढे औषधपाण्याचं त्यांनाच विचारा, मला नको. जुनं कार्ड तारेवरून काढून चुलीत घाला. तुमचा रंगनाथ.’

वाचायला त्यांनी ते विमलाबाईंना दिलं. त्यांनी वाचलं, मग परत वाचलं.

“हे सगळ्या गावात होईल.”

“होऊ दे.”

“तुमच्या कार्डाला पुन्हा कुणी विचारणार नाही.”

“नाही विचारणार.”

“आणि दाजींनी हे ऐकून अन्नच टाकलं तर?”

याचं उत्तर रात्रभर बसून आलं नसतं, वर्षभर बसले असते तरी आलं नसतं, हे रंगनाथांना आता पुरतं कळलं होतं. त्यांनी चपला घातल्या.

“थांबा,” विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी पेन घेतलं, आणि पत्त्याच्या बाजूला, डाव्या हाताला उरलेल्या बोटभर जागेत बारीक अक्षरात लिहिलं, ‘दाजी, बयावन्संच्या नावाची पहिली खीर तुम्ही खा. विमल.’ आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं.

साडेचारची टपाल काढायला पोस्टमन आलाच होता. पेटीचं दार उघडं टाकून तो पत्रं पिशवीत भरत होता.

“टाकायचंय का काका? द्या हातातच.”

रंगनाथांनी कार्ड पुढे केलं. सवयीने मजकूर खाली आणि पत्ता वर धरलेला. पोस्टमनने ते घेतलं आणि सहज उलटवून बघितलं, सगळे बघतात तसं. रंगनाथ तिथून गेले नाहीत. त्याची नजर एका शब्दावर अडलेली त्यांना दिसली.

“घरातलं कोणी?” पोस्टमनने हळू आवाजात विचारलं.

“दाजी आहेत माझे. गळ्याचा कॅन्सर आहे.” शब्द मोठ्याने निघाला. इस्त्रीवाल्याने मान वर केली.

“देवळा म्हणजे परवा मिळेल.” पोस्टमनने कार्ड पिशवीत टाकलं.

“उद्या नाही मिळणार?” रंगनाथांनी विचारलं.

“संध्याकाळच्या गाडीत बसलं तर मिळेलही.” त्याने पिशवीचं तोंड आवळलं, ती सायकलच्या दांडीला अडकवली आणि तो निघाला.